दंड तिजोरीला, नुकसान ग्राहकाचे

कंपनीच्या संकेतस्थळावर ‘मान्य आहे’ ही कळ दाबणारा ग्राहक करार करीत नाही. दुसरा मार्गच नसल्याने तो मान तुकवितो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमताने दिला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकाची संमती मुक्त व बिनशर्त असावी असे म्हटले. संमतीपूर्वीची सूचना मराठीतही वाचण्याची सोय ठेवली. हे स्वागतार्हच.

खरी मेख आहे ती दंडात. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या कंपनीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. पण ती सारी रक्कम जमा होईल भारताच्या एकत्रित निधीत. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती त्यातील छदामही पडणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये, संवेदनशील माहिती हाताळताना हयगय झाल्यास, नुकसानभरपाईची तरतूद होती. ते कलमच वगळण्याची व्यवस्था नव्या कायद्याने केली आहे. खोटी वा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकास मात्र दहा हजारांपर्यंत दंड! अशा स्थितीत सामान्य माणसाने तक्रारीचा खटाटोप कशासाठी करावा, याचे उत्तर २०२५ च्या नियमांतही सापडत नाही.