घरचे मत्स्यालय : प्रवाळाचे आवरण गळू लागले तर

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळणाऱ्यांना एका गोष्टीची धास्ती कायम असते. रात्री फांदीदार प्रवाळ छान फुललेले असते. सकाळी दिवे लावावेत तर बुंध्याशी पांढराशुभ्र पट्टा दिसतो आणि त्याच्या कडेला आवरणाच्या चिंध्या पाण्यात लोंबत असतात. दुपारपर्यंत पट्टा वर चढतो आणि संध्याकाळी उरतो तो नुसता सांगाडा. दोन-तीन वर्षे जोपासलेली वसाहत अशी एका दिवसात जाते. मग भांबावून घरात असेल ते औषध टाकीत ओतले जाते. पुढचे नुकसान होते ते बहुधा या घाईमुळेच.

प्रवाळ म्हणजे शेकडो, हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. आतला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा असतो आणि त्यावर जिवंत आवरण अगदी पातळ असते. ते गळून पडू लागले तर हाती असलेला वेळ काही तासांचाच असतो.

रंग गेला की आवरण गेले?

प्रथम हा फरक ओळखावा. उष्णतेने किंवा तीव्र प्रकाशाने प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकते आणि फिकट पडते. यात पारदर्शक आवरण शाबूत असते, पॉलिपही दिसतात. परिस्थिती लवकर सुधारली तर असे प्रवाळ सावरू शकते. आवरण गळते तेव्हा मात्र सांगाडा उघडा पडतो आणि काही दिवसांत त्यावर शेवाळ चढते. ॲक्रोपोरासारख्या फांदीदार जातींत हे फार वेगाने घडते. युफिलियासारख्या मांसल जातींवर कधी कधी तपकिरी, चिकट थर दिसतो. तो शेजारच्या प्रवाळांवरही पसरू शकतो.

कारणे कोणती?

अशा आवरणावर व्हिब्रिओसारखे जिवाणू आणि सूक्ष्म एकपेशीय जीव सापडतात. पण ते मूळ कारण असतात की अशक्त झालेल्या प्रवाळावर नंतर हल्ला करतात, हे दर वेळी सांगता येत नाही. घरच्या टाकीत बहुतेकदा आधी काहीतरी अचानक बदललेले असते. अल्कलिनिटी एकदम चढली किंवा उतरली, क्षारता बदलली, नवे प्रवाळ थेट प्रखर दिव्याखाली ठेवले, नळाच्या पाण्यातून तांब्याचा अंश आला, अशी ही कारणे. आपल्याकडे त्यात उन्हाळा आणि वीज जाणे यांची भर पडते. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू कमी होतो आणि तापमान चढते.

लगेच काय करावे?

१. हातमोजे आणि चष्मा घाला. झोअँथिडसारख्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते.

२. तपकिरी थर असेल तर बारीक नळीने तो ओढून घ्या. ते पाणी टाकीत परत जाऊ देऊ नका.

३. फांदीदार प्रवाळाची निरोगी टोके कापून घ्या. पांढऱ्या कडेवर न कापता तिच्यापासून एक-दोन सेंटिमीटर दूर, निरोगी भागात कापा. या कामी कधीकधी मोठ्या वसाहतीचा मोह सोडावा लागतो. पण बोटाएवढा तुकडा जगला तरी त्यातून वसाहत पुन्हा वाढते.

४. टाकीचेच पाणी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यात प्रवाळांसाठीचे आयोडीनचे द्रावण, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणात व तितकाच वेळ, वापरा. नंतर ते पाणी फेकून द्या.

५. तुकडे शक्यतो वेगळ्या टाकीत, मध्यम प्रकाशात आणि चांगल्या प्रवाहात ठेवा.

६. मोठ्या टाकीत ताजे ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पाणी तपासा. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, अल्कलिनिटी ७ ते ११ डीकेएच आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम असावे. आकडा चुकलेला दिसला तरी तो एका दिवसात दुरुस्त करू नका. अल्कलिनिटी दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त बदलू नये.

प्रतिजैविक मात्र टाकीत ओतू नका. अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जिवाणू त्याने मरू शकतात आणि मग मासेही संकटात येतात.

फ्लोरिडाचा अनुभव

हे संकट केवळ टाकीपुरते नाही. अमेरिकेत मायामीजवळ २०१४ मध्ये दगडी प्रवाळांचे आवरण गळवणारा रोग आढळला. पुढे तो फ्लोरिडाच्या प्रवाळभित्तींवर आणि कॅरिबियन समुद्रात पसरला. वीसहून अधिक जाती त्याला बळी पडल्या. तिथले पाणबुडे ॲमॉक्सिसिलिनचा लेप फक्त जखमेच्या कडेवर लावतात. ती जखम बहुधा थांबते, पण त्याच वसाहतीवर नवी जखम होणार नाही याची हमी नसते. म्हणून रोग पोहोचण्याआधीच निरोगी प्रवाळे समुद्रातून काढून मत्स्यालयांत ठेवण्यात आली. काचेच्या टाक्या अशा प्रकारे समुद्राच्या बियाण्याचे कोठार ठरल्या. २०१९ मध्ये टँपा येथील फ्लोरिडा ॲक्वेरियममध्ये स्तंभ प्रवाळाचे प्रजनन टाकीत घडवून आणण्यात यश आले.

गेलेल्याच्या जागी नवे आणताना

आपल्या देशात २००१ पासून भित्ती बांधणारी दगडी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कच्छचे आखात, लक्षद्वीप, अंदमान किंवा मालवणच्या समुद्रातून काढलेले प्रवाळ विकत घेणे हा गुन्हा आहे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस कराराचे नियंत्रण आहे, म्हणून परदेशी प्रवाळाच्या आयातीचे कागद पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. आणलेला तुकडा काही आठवडे वेगळा ठेवून मगच मुख्य टाकीत सोडा.

टाकीजवळ एक वही ठेवावी. तापमान, क्षारता, अल्कलिनिटी, वीज गेल्याची वेळ, नवे काय आणले, हे सारे तारखेसह लिहावे. पुढच्या वेळी पांढरा पट्टा दिसला तर कारणाचा शोध त्या वहीच्या मागच्या चार पानांपासून सुरू करता येईल.