चिखलात रुतलेली होडी आणि आपला 'साधी यंत्रे'चा पाठ



आमची शाळा शेवगाव तालुक्यात, नाथसागराच्या फुगवट्याला लागून आहे. आपला अहिल्यानगर जिल्हा (तोंडात अजून नगरच येतं) म्हटला की लोकांना ऊस आणि दुष्काळ आठवतो, होडी कुणाला आठवत नाही. पण शेवगाव-नेवाशाच्या कडेला जायकवाडीचं पाणी 1976 पासून पसरलेलं आहे आणि त्या पाण्यावर मासेमारी करून पोट भरणारी घरं आमच्या पटावर आहेत. त्यातल्याच एका घरातला, सहावीतला एक मुलगा. नाव सांगत नाही. वर्गात मागे बसणारा, शब्द अडखळत वाचणारा, आणि खरं सांगायचं तर मीही मनातल्या मनात 'कच्चा' म्हणून बाजूला टाकलेला.

मार्च महिना होता. वडील लग्नाला गेले आणि होडी दोन-तीन दिवस काठावर राहिली. कालव्याला आवर्तन सुटलेलं, पाणी उतरत होतं. आमच्याकडचा काठ अगदी सपाट. दोनशे फुटांना एक फूट उतार धरा, म्हणजे पाणी एक फूट खाली गेलं की काठ दोनशे फूट लांब जातो. परत येऊन बघतात तर होडी गाळात आणि पाणी दूर. कोकणात असं झालं तर माणूस बिडी पेटवून बसू शकतो, साडेबारा तासांच्या आत पुढची भरती येते. फार वर चढली असेल तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघायची. आमच्या नाथसागराला वर्षात एकच भरती, आणि तीही नाशिककडे पाऊस झाला तर. तोपर्यंत घरात काय शिजवायचं?

मुलगा शाळेत आला नाही म्हणून मधल्या सुट्टीत मी घरी गेलो, तिथून काठावर गेलो. आठ माणसं दोर धरून ओढत होती. होडी जागची हलत नव्हती आणि ओढणारे मात्र गुडघ्यापर्यंत खाली चालले होते. कुणीतरी ट्रॅक्टर बोलावला होता. ड्रायव्हर शहाणा निघाला. "गुरुजी, मी आत आलो तर मला काढायला कोण येनार?" म्हणत तो कडक जमिनीवरच थांबला. तिथूनच लांब दोर लावून ओढलं, तर दोर तुटून असा फटकन मागे आला की नशीब, मध्ये कुणी उभं नव्हतं.

तेव्हा तो पोरगा वडिलांना म्हणाला, "आण्णा, आधी हालवायची असती. वढायची नंतर."

आता बघा, त्यांनी पुढे काय केलं. फावड्याने होडीच्या कडेचा गाळ मोकळा केला. बादल्यांनी पाणी आणून त्या फटीत ओतलं. मग चौघांनी एका बाजूने दाबायचं, चौघांनी सोडायचं, परत उलटं. दहा-बारा वेळा डोलवल्यावर खालून 'पचाक' असा आवाज आला आणि होडी सुटली. मग बुडाखाली पहार घातली. पहारीच्या टेकूला दगड ठेवला असता तर दगडच गाळात गेला असता, म्हणून त्याखाली फळीचा तुकडा. नाळ वर उचलली, खाली लांब फळ्या सरकवल्या, फळ्यांवर आडवे बांबू. वडिलांनी पुढे जाऊन पाण्यात नांगर टाकला, त्याचा दोर होडीला बांधून ओढत आणि मागची फळी पुढे आणत अर्ध्या-पाऊण तासात होडी पाण्यात. (नांगर हा शब्दही आमच्याकडे गमतीचा आहे. पाणी उतरलं की त्याच जागेवर गाळपेरासाठी दुसरा नांगर येतो.)

मी काठावर उभा राहून बघत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती. कारण आदल्याच आठवड्यात मी 'साधी यंत्रे' शिकवून झालो होतो. फळ्यावर तरफेची आकृती, टेकू, भार, बल. पाटावर खूण. पाठ पूर्ण.

या प्रसंगात विज्ञान किती आहे, ते आधी आकड्यांत बघू. वजनाचे किलोच धरतो, न्यूटनच्या भानगडीत आत्ता पडत नाही. साठ किलोचा माणूस, दोन्ही पावलांचं क्षेत्रफळ साधारण 400 चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 150 ग्रॅम. पाऊल उचललं की सगळं वजन एका पायावर, 300 ग्रॅम. आता होडी दोनशे किलोची, बुडाचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर म्हणजे 25,000 चौरस सेंटिमीटर. भागाकार करा: फक्त 8 ग्रॅम! म्हणजे जड होडी गाळात बुडतच नाही, बुडतो तो तिला ओढणारा माणूस. तोच माणूस आठ फूट लांब, एक फूट रुंद फळीवर उभा राहिला तर त्याचाही दाब 8 ग्रॅमच्या आसपास येतो. आठवीच्या 'बल व दाब' या पाठात याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही.

मग आठ जणांना होडी का हलेना? ती जड म्हणून नव्हे, चिकटली म्हणून. आपली काळी माती ओली झाली की लोण्यासारखी बुडाला बसते. होडी उचलायला गेलं की खाली हवाही शिरत नाही, पाणीही शिरत नाही, आणि वरून वातावरणाचा दाब तिला दाबून धरतो. टाइल्सवर चिकटणारा रबरी हुक आठवा. सरळ ओढला तर निघत नाही, कडेला नख घातलं की सुटतो. त्या पोराचं 'आधी हालवायची' म्हणजे हे नख घालणं. चिखलात अडकलेल्या पायाचंही तेच आहे. सरळ वर उपसायचा नाही, टाच हलवून बाजूने पाणी-हवा आत जाऊ द्यायची. ही गोष्ट फुगवट्याच्या गावातल्या प्रत्येक मुलाला माहीत हवी, त्यावर जीव अवलंबून असतो.

वर्गात कुणीतरी विचारलंच, "सर, शिडाची होडी असती तर?" प्रश्न चांगला होता. आमच्या होडीचं बूड सपाट. समुद्रात लांब जाणाऱ्या शिडाच्या नौकेला वाऱ्याने कलंडू नये म्हणून बुडाखाली जड पातं असतं. कमांडर दिलीप दोंदे ज्या 'म्हादेई'तून 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तीही अशीच. असं पातं गाळात सुरीसारखं घुसतं. तिथे डोलकाठीच्या वरून दोर बांधून नौका मुद्दाम एका अंगावर कलती करायची, म्हणजे पातं सुटतं. डोलकाठी इथे लांब तरफेचं काम करते. यंत्र तेच, पकडायची जागा वेगळी.

इतिहासाच्या तासालाही हे नेता येतं. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेताना दुसऱ्या महंमदाने गलबतं वंगण लावलेल्या लाकडांवरून डोंगरपलीकडे ओढून नेली. त्याच्याही फार आधी, सुमारे चार हजार वर्षांपूर्वी, नाईल नदीचा खडकाळ भाग टाळण्यासाठी मिर्गिस्सा इथे होड्या ओढायची वाट केली होती: आडवी लाकडं, वर गाळाचा थर, आणि तो ओला करून निसरडा करायचा. म्हणजे जो गाळ आमचा शत्रू, तोच तिथे वंगण. मिर्गिस्साचा परिसरही पुढे आस्वान धरणाच्या पाण्याखाली गेला, हे आमच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. आपण या मुलांच्या गैरहजेरीला 'पालकांची उदासीनता' असं लिहून मोकळे होतो. मीही लिहिलं आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 पासून आपल्याकडे आहे, त्यात आठ साधनतंत्रं आहेत, 'प्रात्यक्षिक / प्रयोग' हे त्यातलंच एक. पण किती वर्गांत ते खरंच होतं? आपण वर्षाअखेरीस एका बैठकीत नोंदी भरतो, 'प्रयोगाची मांडणी व्यवस्थित करतो' हे वाक्य चाळीस जणांपुढे उतरवतो. (हे वाचून कुणाला राग आला तर येऊ द्या, मी आधी स्वतःच्या वहीबद्दल बोलतोय.) ज्याने गाळातली होडी सोडवली त्याला तरफ येत नाही, आणि ज्याने तरफेची व्याख्या पाठ केली त्याला येते, असं आपली वही म्हणत असेल तर वही चुकीची आहे.

काही जण म्हणतील, मग काय वर्ग काठावर न्यायचा? नाही. मुलांना गाळात उतरवायचं नाही, यावर मी ठाम आहे. दर उन्हाळ्यात धरणांच्या कडेला पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यामुळे गाळ शाळेत आणा. आम्ही पत्र्याच्या मोठ्या घमेल्यात गाळपेराची माती कालवली, त्यात सपाट बुडाचा डबा बसवला आणि ताणकाट्याने ओढला. सरळ वर ओढताना किती लागतं, कडेने पाणी सोडून हलवल्यावर किती, खाली पेन्सिली ठेवल्यावर किती, पेन्सिलींखाली पुठ्ठा ठेवल्यावर किती. नुसत्या पेन्सिली गाळात रुततात, हे मुलांनी स्वतः पाहिलं. हा सगळा तास त्या मुलाने घेतला. अडखळला, पण घेतला.

दुसरा प्रयोग रस्सीखेचीच्या दोराचा. वर्गातले दोन दांडगे गडी दोन टोकांना, दोर ताठ. मधोमध पहिलीतल्या एका चिमुरडीला दोर आडवा ढकलायला सांगितला. दहा मीटर दोर मध्यावर अर्धा मीटर आडवा गेला की तिच्या जोराच्या पाचपट ताण दोरावर येतो. दोन्ही गडी सरकले आणि मैदानात जो काही दंगा झाला! अडकलेली होडी काढायलाही ही युक्ती चालते. फक्त ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

पालकांनाही एक विनंती. पोराला कामाला नेऊन शाळा बुडवू नका, हे मी सांगणारच, ते माझं काम आहे. पण तुमच्या हातात जे आहे ते वर्गात येऊन दाखवा. आण्णा आमच्याकडे आले तेव्हा चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले, आत या म्हणून तीनदा सांगावं लागलं. मग दोराच्या गाठी दाखवत दीड तास बसले.

एप्रिलमध्ये संकलित चाचणी झाली. प्रश्न होता, साध्या यंत्रांची दोन उदाहरणे लिहा. त्या मुलाची उत्तरपत्रिका मी मुद्दाम आधी काढली. त्याने लिहिलं होतं: कात्री, विहिरीचा रहाट. मी दोन पैकी दोन गुण दिले. नंतर त्याला विचारलं, "पहार का नाही लिहिलीस रे?"

"सर, ते परीक्षेत चालतं का?"