वालीवच्या पोरांना टी-शर्ट नको, जबाबदारी द्या

पावसाळा आला की वसई-विरारमध्ये दोन चित्रं हमखास दिसतात. गुडघाभर पाण्यातून म्हाताऱ्यांना बाहेर काढणारी मोहल्ल्यातली पोरं, हे पहिलं. पाणी ओसरल्यावर त्याच पोरांना टी-शर्ट वाटून काढलेला फोटो, हे दुसरं. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी आलं, लोकल थांबल्या, वीज गेली, तेव्हा शेजारीच शेजाऱ्याच्या कामी आला. पण अशा किती पोरांचे ग्रुप पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकतात?

ग्रुप टिकत नाहीत, याचा दोष आपण लगेच पोरांवर ढकलतो. खरं कारण दुसरं आहे. तरुणांच्या सेवेची बहुतेक व्यवस्था विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. १९६९ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना कॉलेजातून चालते. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, असा तिचा हिशेब. लायन्सचे लिओ आणि रोटरीचे इंटरॅक्ट क्लबही अनेकदा शाळा-कॉलेजातच भरतात. वालीव मात्र कारखान्यांचं गाव. इथला वीस वर्षांचा पोरगा गाळ्यात पाळी करतो. सकाळी अकराच्या बैठकीला तो येणार कसा?

वाट बंद नाही. १८ वर्षांवरील तरुणांचा रोटरॅक्ट क्लब कॉलेजबाहेर, वस्तीतही काढता येतो. १९६८ पासून रोटरॅक्ट हा रोटरीचा एक उपक्रम होता. २०१९ मध्ये या क्लबांना सदस्यत्वाचा दर्जा मिळाला. तरुण हे मदतीला बोलावलेले हात नाहीत, बरोबरीचे साथीदार आहेत, हे जागतिक संघटनेनेही मान्य केलं. आपल्याकडचे सेवा क्लब हे कधी मान्य करणार?

क्लब आणि मोहल्ला एकत्र आले की काय होतं, हे पोलिओने दाखवलंय. उत्तर प्रदेशात अनेक मुस्लिम कुटुंबं डोस द्यायला बिचकत होती. रोटरीने तिथल्या उलेमांना सोबत घेतलं, त्यांनी लोकांची समजूत काढली. यात सरकार, आरोग्यसेविका, सगळ्यांचाच हात होता. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. नुसत्या पैशाने हे झालं नसतं. मोहल्ल्याचा भरवसा लागला.

वालीवमध्ये सुरुवात तीन गोष्टींपासून करता येईल.

पहिली, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण, तेही सुट्टीच्या दिवशी किंवा इशानंतर. मुंबई-अहमदाबाद हायवे जवळच आहे. अपघात झाला की पोरं धावतात, पण पोलिसांच्या चौकशीला घाबरून मागेही सरतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. स्वतःचं नाव सांगायचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे प्रत्येक पोराला ठाऊक हवं.

दुसरी, हिशेब. किमान सात जण असले की संस्था नोंदवता येते. पैसा कुणा एकाच्या मोबाईलवर न येता बँक खात्यात यावा. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. ती रक्कम इमदादीच्या इतर पैशांत मिसळू नये. क्लबमध्ये वकील असतात, सीए असतात. त्यांनी वर्षातून चार संध्याकाळी दिल्या तरी पुष्कळ झालं.

तिसरी, निर्णयात वाटा. काय करायचं हे क्लबने ठरवायचं आणि पोरांनी सतरंज्या उचलायच्या, हे बंद व्हावं. आणि मुलींना विसरून चालणार नाही. पुरात घराघरांतल्या बायकांपर्यंत त्याच सहज पोहोचतात.

आपल्या जमातींनीही हात झटकू नयेत. मस्जिदीलगतची एखादी खोली, महिन्याची एक बैठक, जमातीतला एक जाणता माणूस, एवढं तर आपल्या हातात आहे. खिदमत-ए-खल्कवर बयान आपण पुष्कळ ऐकले. पुढचं पाणी भरेल तेव्हा दोरी कुठे ठेवलीय, डॉक्टरला फोन कुणी करायचा, कुठल्या घरात आजारी माणूस आहे, हे पोरांना आधीच माहीत असेल, याची तयारी आताच करूया.