पांगाऱ्याखालची तसबीर

फाल्गुन सरत आला की आमच्या परिचितांकडून एक प्रश्न हमखास येतो : बहरलेल्या झाडापाशी माणसाचे छायाचित्र चांगले कसे घ्यावे? हल्ली घरोघरी, किंबहुना हातोहाती कॅमेरा आहे, आणि हौसेलाही तोटा नाही. तरी पदरी बहुधा निराशाच येते. फुले साधावीत तो चेहरा काळवंडतो. चेहरा साधावा तो फुलांचे नुसते तांबडे डाग उरतात. या विषयावर उपदेश करण्यापूर्वी आमचीच फजिती सांगितलेली बरी.

गेल्या फाल्गुनात आम्ही बोईसरनजीक सालवड येथे आत्याकडे गेलो होतो. तारापूरची औद्योगिक वसाहत गावाला येऊन भिडली आहे; पण आत्याच्या परसातला पांगारा अद्यापि जागच्या जागी उभा आहे. पन्नास वर्षांपूर्वी कुंपणाला खुंट म्हणून तिनेच एक फांदी रोवली, तिला मुळे फुटली आणि तिचे झाड झाले. पाने सारी गळून गेलेली, अंगभर लाल तुरे, आणि त्यांतील मधासाठी साळुंक्यांची झुंबड उडालेली! आत्याला तेथे बसवून तसबीर घ्यावी, असे आमच्या मनात आले.

यास कारणही होते. सहा वर्षांपूर्वी आतोबा वारले, तेव्हा हार घालावयास त्यांची एकट्याची तसबीर घरात निघाली नाही. अखेर कोणाच्या लग्नातील समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करविला. भिंतीवरच्या त्या तसबिरीत त्यांच्या खांद्याशी कोणा परक्या गृहस्थाची बाही आजही दिसते. आत्याच्या बाबतीत तरी असे होऊ नये, एवढीच आमची इच्छा होती.

पण आत्या राजी होईना. “अरे, मला आता फुलांत कशाला बसवतोस? बघणारे काय म्हणतील?” आतोबा गेल्यापासून तिने केसांत फूल माळले नव्हते. ज्या रूढीविरुद्ध शंभर वर्षांहून अधिक काळ आपल्याकडे लिहिले गेले, ती सुशिक्षितांच्या माजघरात अशी अंग चोरून अजून बसलेली असते. आम्ही निरुत्तर झालो. उत्तर दिले ते तिच्या सुनेने. “आई, झाड तुम्हीच लावलेत ना? मग त्याच्यापाशी बसायला कोणाला विचारायचे?” आत्या काही बोलली नाही, मात्र उठून परसात आली.

येथे आमची फजिती झाली. वेळ भर दुपारची. पांगारा फुलतो तेव्हा निष्पर्ण असतो, त्यामुळे त्याला सावली अशी नसतेच. फांद्यांच्या छायेचे जाळे तेवढे चेहऱ्यावर पडते. आत्याचे पांढरे लुगडे उन्हात नुसते झगझगले, डोळे खोल गेले आणि मुद्रा तर पारपत्रावरील चित्रासारखी ताठ झाली.

जुन्या तसबिरींतील माणसे अशीच ताठ दिसतात, पण त्यांचा नाइलाज होता. काचेवर प्रतिमा उमटण्यास वेळ लागे, तोवर हलण्याची सोय नसे. मागे रंगविलेल्या बागेचा पडदा आणि शेजारी फुलदाणी, हाच त्यांचा वसंत. खरी फुले असती तरी उपयोग बेताचाच होता. त्या काळच्या काचेवरील लेपाला लाल रंग जाणवत नसे, त्यामुळे पांगारा काय नि कपाळीचे कुंकू काय, काळेच उमटे. त्यात समजुतींची भर. दादासाहेब फाळके बडोद्यास छायाचित्रे काढीत, तेव्हा कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो या भयाने गिऱ्हाईक फिरकेना, अशी हकीकत त्यांच्या चरित्रात येते. पुढे १९१२ साली याच फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची चित्रे चिकाटीने टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखविली. झाड काय, माणूस काय, कॅमेऱ्याला धीर लागतो, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

आम्हीही दुसऱ्या दिवशी धीर धरला. सकाळी ऊन कोवळे असताना आत्याचा पाट झाडाखाली न मांडता झाडापासून आठ-दहा हात पुढे मांडला. एका बाजूने सूर्य, दुसऱ्या बाजूस घराची चुना दिलेली भिंत. तिच्यावरून परतणाऱ्या उजेडाने चेहऱ्याची अंधारी बाजू आपोआप उजळली. आम्ही स्वतः जमिनीवर बसून कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. फार जवळ गेल्यास नाक मोठे दिसते, म्हणून थोडे मागेच राहिलो. मोबाइलच्या पडद्यावर तिच्या चेहऱ्यावर बोट टेकवून नेम धरला आणि उजेड किंचित उतरविला; तसे न केल्यास लाल पाकळ्यांच्या कडा विरून नुसते ठिगळ उरते.

ताठपणावर उपाय आत्याच्या सुनेने काढला. तिने वालाच्या शेंगांचे सूप आत्यापुढे ठेवले. शेंगा सोलता सोलता आत्या आम्हांस विसरली. इतक्यात साळुंक्यांच्या झटापटीत एक फूल सुपात पडले. तिने ते बोटांत धरून क्षणभर न्याहाळले. तेवढे चित्र आम्हांस मिळाले. मग तिने ते फूल सुपाच्या कडेला ठेवले आणि पुन्हा शेंगा हाती घेतल्या.

ते चित्र कागदावर छापून, मागे नाव, गाव व तिथी लिहून आम्ही सालवडास पाठविले. आतोबांच्या तसबिरीशेजारी लावू म्हटले, तर आत्या म्हणाली, “तिथे नको, मी अजून आहे!” ते आता स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर टेकून उभे आहे.

वाचकांस आमचे इतकेच सांगणे : पांगाऱ्याचा बहर थोड्याच दिवसांचा असतो. तो ओसरला तर चैत्र-वैशाखात बहावा फुलेल. आपल्या घरातील ज्या वडीलधाऱ्यांची एकट्याची तसबीर नसेल, त्यांचा पाट यंदाच एखाद्या सकाळी अंगणात मांडावा.