तात्पुरत्या पाहुण्यांची प्रदीर्घ प्रतीक्षा

कॅनडात स्थायिक झालेल्या मुलामुलींना आपल्या आईवडिलांना कायमचे जवळ आणावयाचे असेल, तर आधी नशिबाची आणि मग सहनशीलतेची परीक्षा द्यावी लागते. पालकांच्या कायम वास्तव्याच्या योजनेसाठी इच्छुकांची नावे शेवटची नोंदविली गेली ती २०२० साली. पुढे २०२१ ते २०२५ या काळात निमंत्रणे निघाली ती त्याच यादीतून, सोडत काढून. २०२५ साठी तर अवघे १० हजार अर्ज स्वीकारण्याचे ठरले. शिवाय निमंत्रण मिळाले म्हणजे निर्णय झाला असे नव्हे. तो होईपर्यंत वर्षे लोटतात.

या काळात म्हाताऱ्या आईवडिलांनी राहावे कोठे? मुलाकडे राहावयाचे तर पाहुणा म्हणूनच. २०११ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सुपर व्हिसाने ही अडचण पुष्कळ हलकी केली. जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षे राहता येते. परंतु साध्या व्हिसावर आलेल्यांना सामान्यतः सहा महिन्यांचीच परवानगी असते. व्हिसावर दहा वर्षांपर्यंतची तारीख छापलेली असते आणि तितकी वर्षे राहता येते, असा समज होतो. वस्तुतः ती तारीख देशात प्रवेश करण्याच्या मुदतीची असते, वास्तव्याची नव्हे. मुदत संपण्यापूर्वी वाढीचा अर्ज गेला, तर निर्णयापर्यंत दर्जा टिकतो. एक दिवस उशीर झाला की तो जातो. तो पुन्हा मिळविण्यासाठी कायद्याने ९० दिवस दिले आहेत. ९१ व्या दिवशी हा मार्ग बंद होतो आणि उरते ती केवळ अधिकाऱ्याच्या मर्जीवरची परवानगी. देशाबाहेर घालविण्याचा हुकूम निघाला, तर वर्षभर विशेष अनुज्ञेवाचून परतताही येत नाही.

नियम असावेत आणि ते पाळले जावेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न एवढाच की, ज्याचा कायम वास्तव्याचा अर्ज सरकारनेच विचारार्थ स्वीकारला आहे, त्याच्या कागदपत्रांतील चुकीला कामधंद्यासाठी लपून राहणाऱ्याच्या अपराधाचे माप लावावे काय? कॅनडाच्या २००१ च्या कायद्यानेच असे मान्य केले आहे की, कायम राहण्याची इच्छा असणे हे तात्पुरत्या प्रवेशाच्या आड येत नाही. पती-पत्नींच्या बाबतीत तर २००५ पासून याहून उदार धोरण आहे : देशात राहणाऱ्या जोडीदाराचा दर्जा संपला असला, तरी त्याचा अर्ज विचारात घेतला जातो. कुटुंब एकत्र राहावे हा जर त्यामागील हेतू असेल, तर सत्तरीच्या आईला त्यातून वगळण्याचे सयुक्तिक कारण दिसत नाही.

अशा सवलतीने सार्वजनिक आरोग्यसेवेवर बोजा पडेल, हा आक्षेप विचारार्ह आहे. पण त्याचे उत्तर प्रचलित नियमांतच आहे. सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा लागतो. पालकांना कायमचे बोलावणाऱ्या अपत्याला ठराविक उत्पन्न तर दाखवावे लागतेच, शिवाय त्यांच्या निर्वाहाची २० वर्षांची हमी द्यावी लागते. क्वेबेकमध्ये ती १० वर्षांची आहे. तेव्हा प्रलंबित अर्ज असलेल्या पालकांपुरती ९० दिवसांची अट शिथिल करावी, विमा सक्तीचा ठेवावा, नोकरीस मनाई असावी आणि अंतिम निर्णयापर्यंत पाहुण्याचा दर्जा पुनःस्थापित करावा. यात सरकारची तिजोरी रिकामी होण्यासारखे काही नाही.

महाराष्ट्रातील मध्यमवर्गालाही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. आयुष्यभर शाळेत वा कचेरीत नेमाने हजेरी लावलेली माणसे उतारवयात परदेशी मुलाकडे जातात आणि एका तारखेच्या गैरसमजाने बेकायदा ठरतात. अर्ज निकालात काढण्यास सरकारला वर्षे लागत असतील, तर त्याच अर्जदाराच्या विलंबाला ९१ व्या दिवशी क्षमा नाही, हा न्याय एकतर्फी होय.