पुराचे तास कुणाच्या खात्यावर?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहासाठी डॉ. आंबेडकर बोटीने उतरले ते दासगाव बंदरात. आता माणसांची आणि मालाची ये-जा मुंबई-गोवा महामार्गाने होते. पण सावित्री नदीला पूर आणि खाडीला भरती एकाच वेळी आली की पाणी ओसरत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहर बुडाले, ते कुणी विसरलेले नाही.

अशा पावसाळ्यानंतर महाड एमआयडीसीतल्या एखाद्या रसायन कारखान्यात खर्चाचा तक्ता कसा दिसेल? आकडे कल्पित घेऊ. एका बॅचला १,२०० किलो कच्चा माल, ८० रुपये दराने, म्हणजे ९६,००० रुपये हा प्रमाण, म्हणजे आधीच ठरवलेला, खर्च. प्रत्यक्षात लागला १,२६० किलो, ७६ रुपयांनी. झाले ९५,७६० रुपये. २४० रुपये वाचले, साहेब खूश!

मात्र हा आकडा फोडला की वेगळेच दिसते. दरातला फरक प्रत्यक्ष वापराला गुणला, तर ५,०४० रुपये अनुकूल. जादा लागलेले ६० किलो प्रमाण दराने मोजले, तर ४,८०० रुपये प्रतिकूल. खरेदी विभागाने स्वस्त, हलका माल आणला असेल, तर शाबासकी त्याला आणि नासाडीचा ठपका प्लांटवर.

मजुरीत अन्याय याहून मोठा. प्रमाण ६० तास, १०० रुपये दराने. प्रत्यक्षात पगार दिला ८० तासांचा, १०५ रुपयांनी. एकूण प्रतिकूल फरक २,४०० रुपये. त्यात दराचे ४०० आणि उरलेले २,००० ‘अकार्यक्षमता’. दासगावहून पहाटे निघालेला कामगार लगेच आळशी ठरतो. पण त्या ८० पैकी १६ तास टँकर पुरात अडकल्यामुळे माणसे नुसती बसून होती. ते १,६०० रुपये रिकाम्या वेळेचे. कार्यक्षमतेच्या नावावर उरतात फक्त ४००, आणि ते चार तासही कदाचित त्या हलक्या मालानेच खाल्ले असतील.

मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे लेखा मानक २ नेहमीपेक्षा जादा वाया गेलेला माल आणि मजुरी साठ्याच्या किमतीत धरू देत नाही. ती थेट त्या काळाच्या खर्चात जाते. पण ही शिस्त ताळेबंदापुरती. प्लांटमधल्या मासिक तक्त्यात ‘रिकामा वेळ’ हा रकाना अनेकदा नसतोच. तो घालायला एक ओळ पुरते. फाटकावरची नोंदवही आणि टँकरची चलने जुळवली की तासही सापडतात. आणि ऑगस्टच्या आढावा बैठकीला पाळीप्रमुखाच्या शेजारी खरेदी अधिकाऱ्यालाही बसवावे.