ऑर्किड : पाणी कमी, नजर जास्त

गेल्या हिवाळ्यात आमच्या लेकीचा निकाह झाला. सासरी निघताना तिने अम्मींच्या हातात एक कुंडी ठेवली. पांढऱ्याशुभ्र फुलांचे ऑर्किड. "दादी, ही माझी अमानत. सांभाळा," एवढेच म्हणाली.

अम्मींनी ते मनावर घेतले. रोज फज्रनंतर कुंडीत तांब्याभर पाणी. अडीच महिन्यांनी फुले गळली. ते ठीकच होते, या फुलांचे आयुष्यच दोन-तीन महिन्यांचे. पण मग पाने सुरकुतली. वडगावचा उन्हाळा सुरू झालेला, झाडाला तहान लागली असेल म्हणून अम्मींनी दोन वेळा पाणी सुरू केले. पाने आणखी लोळली. शेवटी आम्ही झाड कुंडीतून उपसले, तर मुळे तपकिरी, बोटाने दाबली की पिचकणारी. पाण्यात उभे राहून झाड तहानेने मरत होते, कारण पाणी ओढणारी मुळेच कुजली होती. "पोरीची अमानत माझ्या हातून गेली," म्हणत अम्मी त्या दिवशी धड जेवल्याही नाहीत.

चूक मायेची होती. झाडाचा स्वभाव आम्हाला ठाऊक नव्हता. या ऑर्किडचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस, म्हणजे पतंगासारखे दिसणारे. ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते 1825 साली दिले. फिलिपाइन्स, इंडोनेशियाच्या दमट जंगलांत ते झाडांच्या खोडांवर वाढते. इंडोनेशियात याला 'चंद्र-ऑर्किड' म्हणतात आणि 1993 पासून ते तिथल्या तीन राष्ट्रीय फुलांपैकी एक आहे. आपल्याकडे राधानगरी, आंबोलीच्या झाडांवर लोंबणारी 'सीतेची वेणी' याच कुळातली. लोक तिला बांडगूळ समजतात. पण बांडगूळ झाडाचा रस पिते, ऑर्किड फक्त आधार घेते. त्याची मुळे हवेत असतात. पाऊस पडला की भिजतात, वारा सुटला की सुकतात. माती आणि साचलेले पाणी त्यांना मानवत नाही.

मग उपाय केला. कात्री विस्तवावर धरून, गार करून सडकी मुळे कापली. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली. चांगल्या मुळांना ती लागू दिली नाही. नारळाच्या सोडणाचे अंगठ्याएवढे तुकडे एक दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून दिले. त्यात लाकडी कोळशाचे खडे मिसळले. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची, बुडाला आणि बाजूंना भोके पाडलेली. मुळे दिसली पाहिजेत, कारण पाणी कधी द्यायचे ते मुळेच सांगतात. ओले मूळ हिरवे दिसते, सुकले की चंदेरी. चंदेरी झाल्यावरच पाणी. आमच्याकडे उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी वेळ येते. पाणी सकाळीच घालावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने सुकतात. पानांच्या मधल्या बेचक्यात पाणी राहिले तर कापसाने टिपून घ्यावे, नाहीतर तिथूनही कूज लागते. बोअरच्या पाण्यातले क्षार मुळांवर बसतात. पावसाचे साठवलेले पाणी उत्तम.

जागा पूर्वेच्या खिडकीची. सकाळचे कोवळे ऊन चालते, दुपारच्या उन्हाने पानांवर डाग पडतात. एप्रिल-मेमध्ये कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेले ताट ठेवावे. कुंडी खड्यांवर, पाण्याला न टेकता. खताला वेगळा खर्च नको. शेतकऱ्याच्या घरी '19-19-19' असतेच. लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही नवी वाढ दिसू लागल्यावर. आजारी झाडाला खत देऊ नये.

फुलाचा दांडा यायला थोडा गारवा लागतो. काही आठवडे रात्री अठरा-वीस अंशांच्या आसपास गेल्या की बुडाजवळून दांडा फुटतो. आपल्याकडची नोव्हेंबरची थंडी त्याला पुरते. मात्र कडाक्याची थंडी पडली की कुंडी रात्री घरात घ्यावी. दांड्याचे टोक किंचित चपटे, हातमोज्यासारखे असते. मुळाचे टोक गोलसर आणि चकचकीत. नवखा माणूस इथे हमखास फसतो.

एक विनंती. जंगलात गेलात तर झाडावरचे ऑर्किड ओरबाडून आणू नका, कुणी विकायला आणले तर घेऊ नका. ती बहुधा घरी जगत नाहीत आणि जंगलही उघडे पडते. नर्सरीत प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे मिळतात, ती घ्यावीत.

आमच्या कुंडीत पावसाळ्यात एक नवे पान आले. गेल्या आठवड्यात लेकीचा फोन आला, "दादी, फुले आली का?" अम्मी कुंडी उजेडाकडे धरून बघत म्हणाल्या, "फूल नाही गं, पण दोन नवी मुळे आलीत. टोकं कशी हिरवीगार आहेत!" अम्मींचा तांब्या आता कुंडीपासून लांब असतो. सकाळी त्या आधी मुळांचा रंग बघतात, आणि बहुतेक दिवशी नुसते बघूनच परततात.